न पाहिलेल्या करारावरचा सट्टा : ‘आरएनआरएल’ची गोष्ट

१/ २००६ ते २०१० या काळात मुंबईच्या शेअर बाजारात एका कंपनीचा भाव न्यायालयाच्या तारखांनुसार वरखाली होत असे. रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस, बाजाराच्या बोलीत ‘आरएनआरएल’. दुसऱ्याच्या विहिरीतील वायू स्वस्तात मिळण्याचा हक्क, हीच तिची खरी मालमत्ता. आणि नेमका तोच हक्क वादात होता.

२/ पार्श्वभूमी पाहू. १९७७च्या पहिल्या समभागविक्रीपासून धीरूभाई अंबानींनी छोट्या भागधारकाला रिलायन्सशी जोडले. ६ जुलै २००२ रोजी ते मृत्युपत्र न करता निवर्तले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्रात कंपनीला नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. दोन मुलांतील बेबनाव २००४च्या अखेरीस चव्हाट्यावर आला.

३/ १८ जून २००५ रोजी कोकिलाबेन अंबानींनी समझोता जाहीर केला. तेल, वायू व पेट्रोरसायने मुकेश यांच्याकडे. वीज, दूरसंचार व वित्त अनिल यांच्याकडे. परंतु विजेला इंधन हवे. म्हणून कौटुंबिक करारात तरतूद झाली : रोज २ कोटी ८० लाख घनमीटर वायू, १७ वर्षे, २.३४ डॉलर दराने. तो करार मात्र गोपनीय राहिला.

४/ विभाजनानंतर रिलायन्सच्या प्रत्येक समभागामागे चार नव्या कंपन्यांचा एकेक समभाग मिळाला. त्यांतली एक आरएनआरएल. उपनगरांना हे नाव परके नव्हते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला वीज पुरवणारी जुनी ‘बीएसईएस’ तोवर अनिल यांच्या गटाची ‘रिलायन्स एनर्जी’ झाली होती. (मुलुंडचे बिल मात्र सरकारी महावितरणचे.)

५/ येथे एक विलक्षण गुंता निर्माण झाला. जुन्या भागधारकाच्या हाती वायू विकणारी आणि तोच वायू घेणारी, अशा दोन्ही कंपन्या आल्या. एकीचा लाभ तो दुसरीचा तोटा. दोन्ही समभाग जपून ठेवणाऱ्याचा पैसा या खिशातून त्या खिशात जाणार होता. ज्याने रिलायन्स विकून फक्त आरएनआरएल ठेवली वा नव्याने घेतली, त्याने मात्र खटल्याच्या निकालावर पैज लावली होती.

६/ पैज मोठी होती. सप्टेंबर २००७मध्ये केंद्रीय मंत्रिगटाने या वायूचा दर ४.२० डॉलर मान्य केला. २.३४शी त्याचा फरक १.८६ डॉलर. ढोबळ हिशेबाने रोजचे सुमारे १८ लाख डॉलर, आणि तेही १७ वर्षे! एवढ्याशा कंपनीच्या समभागामागे लोक का लागले, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

७/ एप्रिल २००९मध्ये वायू प्रत्यक्ष वाहू लागला. १५ जून २००९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कौटुंबिक करार कंपनीवर बंधनकारक मानला. आरएनआरएलच्या भागधारकांना विजय समीप वाटला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

८/ ७ मे २०१०. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या तीन सदस्यीय पीठाने २ विरुद्ध १ असा निकाल दिला. नैसर्गिक संपत्ती राष्ट्राची, दर ठरवण्याचा अधिकार सरकारचा. कौटुंबिक करार तिघांमधला खासगी. लाखो भागधारकांच्या कंपनीला तो बांधू शकत नाही. त्या एका दिवसात आरएनआरएलचा भाव पाचव्या हिश्श्याहून अधिक कोसळला.

९/ निवाड्याचा हा भाग नीट समजून घ्यावा. ज्या कागदावर छोट्या गुंतवणूकदारांनी आशा ठेवली, तो त्यांना कधी दाखवलाच गेला नव्हता. आणि तो दाखवला नव्हता, हेच तो कंपनीवर बंधनकारक नसण्याचे एक कारण ठरले. भागधारकांचे अज्ञान हाच त्यांच्या विरोधातला पुरावा झाला.

१०/ पुढे भावांत समेट झाला. २५ जूनला सरकारी धोरणाला धरून नवा करार झाला आणि जुलैच्या आरंभी आरएनआरएलचे रिलायन्स पॉवरमध्ये विलीनीकरण जाहीर झाले : चार समभागांच्या बदल्यात एक. भाव पुन्हा गडगडला. खटला हरल्यावरही टिकून राहिलेल्यांना दुसरा फटका समेटानेच दिला.

११/ शेवट त्याहून कडवट आहे. २०१०मध्ये दररोज सुमारे ६ कोटी घनमीटरवर गेलेले त्या क्षेत्राचे उत्पादन २०१३पर्यंत जेमतेम चौथाईवर आले. ज्या प्रकल्पासाठी वायू हवा होता, तो दादरीचा वीजप्रकल्प उभाच राहिला नाही. दोन्ही बाजूंचे नामवंत वकील दरावर झुंजले, बाजाराने दरावर सट्टा खेळला. समुद्राखाली वायू किती काळ पुरेल, हा प्रश्न मात्र त्या गुणाकारात कोणी धरलाच नव्हता.