स्त्री व स्त्री-नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा

फ्रेंच नाटककार व राजकीय लेखिका ऑलिंप द गूज (१७४८–१७९३) यांनी सप्टेंबर १७९१ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेली पुस्तिका. राष्ट्रीय सभेने २६ ऑगस्ट १७८९ रोजी संमत केलेल्या हक्कांच्या जाहीरनाम्याला दिलेले हे कलमवार उत्तर आहे. मूळ मसुद्याप्रमाणे याचीही कलमे १७ आहेत. राणी मारी आंत्वानेत हिला उद्देशून अर्पणपत्र, पुरुषांना थेट विचारलेला जाब, उद्देशिका, कलमे आणि शेवटी लांबलचक उपसंहार अशी पुस्तिकेची मांडणी आहे. सभेने आपल्या अखेरच्या बैठकांत किंवा पुढच्या विधिमंडळाने हा मसुदा संमत करावा, अशी मागणी मजकुरातच आहे.

स्त्रियांचा सहभाग नसता तर फ्रेंच क्रांतीने पॅरिसमध्ये पकड घेतली असती का, याची शंकाच आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पावाच्या टंचाईने संतापलेल्या बाजारातल्या बायका व्हर्सायवर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला यावे लागले. तरीही १७९१ च्या संविधानाने मताधिकार दिला तो २५ वर्षांवरील आणि निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या ‘सक्रिय’ पुरुष नागरिकांना. स्त्रियांची गणना ‘निष्क्रिय’ नागरिकांत झाली. स्त्रियांना असे वगळण्याविरुद्ध सर्वांत नेमका युक्तिवाद गणितज्ञ काँदॉर्से याने जुलै १७९० मध्ये स्त्रियांच्या नागरिकत्वाविषयीच्या लेखात केला होता. गरोदरपण व तात्पुरती आजारपणे हे हक्क नाकारण्याचे कारण होत असेल, तर दर हिवाळ्यात संधिवाताने अंथरूण धरणाऱ्या पुरुषांचे काय, असे त्याने विचारले. सभेने त्याची दखल घेतली नाही. तिच्यावर छाप होती विचारवंत रूसोची, आणि त्याच्या ‘एमिल’ (१७६२) मधल्या सोफीचे सारे शिक्षण पुरुषाला साजेशी सोबतीण घडवण्यापुरतेच होते.

गूज यांचा जन्म दक्षिणेतल्या माँतोबाँ गावी झाला. त्यांची बोली ऑक्सितान होती. कायद्याने वडील खाटीक, पण आपण एका सरदार कवीची अनौरस संतती आहोत असे त्या स्वतः मानत. १७ व्या वर्षी मनाविरुद्ध लग्न झाले, लवकरच वैधव्य आले आणि त्यांनी पतीचे नाव कधीच लावले नाही. पॅरिसला आल्यावर त्या लेखनिकांना मजकूर सांगून नाटके लिहीत. वसाहतींतल्या गुलामगिरीवरचे त्यांचे नाटक डिसेंबर १७८९ मध्ये रंगभूमीवर आले, ते तीन प्रयोगांत बंद पडले.

केवळ ‘पुरुष’च्या जागी ‘स्त्री’ असा शब्द घालून केलेले हे विडंबन, अशी या जाहीरनाम्याची संभावना अनेकदा झाली. ती चुकीची आहे. गूज यांनी जिथे मूळ मजकूर मोडला आहे, तिथे त्यांचे खरे राजकीय तत्त्वज्ञान सापडते. तिसऱ्या कलमात राष्ट्राची व्याख्याच बदलते: राष्ट्र म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचे एकत्र येणे, दुसरे काही नाही. सातवे आणि नववे कलम स्त्रियांसाठी कोणतीही सवलत मागत नाही. गुन्हा केला तर कायद्याची पूर्ण कठोरता त्यांनाही लागू व्हावी, असे बजावते. ही कठोरता लगेच दहाव्या कलमात कामी येते. मते मांडल्याबद्दल स्त्रीला वधस्तंभावर चढवता येते, तर सभेच्या व्यासपीठावर चढण्याचा हक्कही तिला असलाच पाहिजे. शिक्षा भोगण्याची पात्रता मान्य करणाऱ्या राज्याला बोलण्याची पात्रता नाकारता येत नाही, हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत बिनतोड आहे. तेराव्या कलमात तोच न्याय पैशाला लावला आहे: कर आणि वेठीची कामे सारखी, तर पदे, नोकऱ्या आणि उद्योगही सारखे. राष्ट्रातल्या बहुसंख्य व्यक्तींनी घडवण्यात भाग घेतला नसेल तर ते संविधानच रद्दबातल, असे सोळावे कलम म्हणते.

अकरावे कलम सर्वांत धाडसी. १७८९ च्या जाहीरनाम्यात ते विचारस्वातंत्र्याचे कलम होते आणि पत्रकार-मुद्रकांच्या कामाचे होते. गूज यांनी त्याच स्वातंत्र्याच्या आधारे स्त्रीला आपल्या मुलाच्या बापाचे नाव उघडपणे सांगण्याचा हक्क दिला. तोंड उघडले की सर्वांत जास्त किंमत स्त्रीला कुठे मोजावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. स्वतःच्या जन्माची कहाणीही या कलमामागे असणार.

उपसंहार विस्कळीत आहे, पण पुस्तिकेचा प्राण त्याच्यात आहे. त्यात विवाहाऐवजी स्त्री-पुरुषांनी करावयाच्या कराराचा मसुदा आहे. संपत्ती सामाईक राहील आणि मुले कोणत्याही संबंधातून झाली तरी त्यांचा वारसाहक्क अबाधित राहील, अशी त्यातली तरतूद आहे. वसाहतींतल्या कृष्णवर्णीयांवरील अन्यायाचा मुद्दा त्याच पानांत येतो. घोडागाडीच्या भाड्यावरून झालेला स्वतःचा तंटाही त्यांनी तिथे सांगितला आहे. पुस्तिका छापखान्यात असतानाच राजाने संविधान स्वीकारल्याची बातमी आली, तेव्हा छपाई थांबवून त्यांनी आनंदाच्या ओळी जोडल्या. त्याच पुरवणी मजकुरात सभेचे सदस्य तालेरां यांच्या शिक्षणविषयक अहवालाचे स्वागत आहे. त्या अहवालात मुलींसाठी सार्वजनिक शाळा आठव्या वर्षापर्यंतच होती. त्याच तालेरांना उद्देशून इंग्रज लेखिका मेरी वुल्स्टनक्राफ्टने १७९२ मध्ये स्त्रीहक्कांवरचा आपला ग्रंथ अर्पण केला, तो त्यांना फेरविचार करायला लावण्यासाठी. या बाबतीत वुल्स्टनक्राफ्टची नजर अधिक तीक्ष्ण होती, हे मान्य केले पाहिजे.

सभेत जाहीरनाम्यावर चर्चा झाली नाही. मात्र काही मागण्या वेगळ्या वाटेने कायद्यात आल्या: मृत्युपत्राविना वारसा मुलगे-मुलींत समान वाटण्याची तरतूद एप्रिल १७९१ मध्येच झाली होती, २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने दोघांनाही घटस्फोटाचा अधिकार मिळाला. राजकीय हक्कांचे दार मात्र बंदच राहिले. ३० ऑक्टोबर १७९३ रोजी कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या प्रतिनिधी सभेने, स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली.

गूज त्या वेळी तुरुंगात होत्या. त्यांना या जाहीरनाम्यासाठी देहदंड दिला असे सर्रास लिहिले जाते. आरोपपत्र वेगळे होते. संवैधानिक राजेशाहीकडे त्यांचा कल होता, राजा सोळाव्या लुईच्या खटल्यात त्याचा बचाव करण्याची तयारी त्यांनी दाखवली होती, आणि क्रांतिकारक नेता रोबेस्पिएरवर जाहीर टीका केली होती. जुलै १७९३ मध्ये एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, याचा कौल जनतेने द्यावा असे सुचवणारे भित्तिपत्रक त्यांनी काढले. प्रजासत्ताकाखेरीज दुसऱ्या राजवटीचा पुरस्कार करणे २९ मार्च १७९३ च्या कायद्याने देहदंडास पात्र होते. खटल्यात वकील मिळाला नाही आणि ३ नोव्हेंबर १७९३ रोजी त्यांना गिलोटिनवर चढवण्यात आले. त्याच महिन्यात शोमेत या पॅरिसच्या पदाधिकाऱ्याने राजकारणात डोकावणाऱ्या बायकांना त्यांचे उदाहरण देऊन दटावले. गुन्हा राजवटीविषयीच्या मताचा. धडा मात्र सगळ्या स्त्रियांना देण्यात आला.

१८०४ च्या नेपोलियन संहितेने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन घातले. जाहीरनामा विसाव्या शतकात, विशेषतः १९८० नंतर, पुन्हा वाचला जाऊ लागला. पाठ्यपुस्तके बहुधा त्याची १७ कलमेच छापतात. गूज यांचा विचार जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने विवाहकरारासह पूर्ण उपसंहार वाचावा.