कारखान्यात संगणकाचं काम शिकायचंय? 'कोपा' आणि अप्रेंटिसशिप समजून घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्याची ओळख म्हणजे कापूस आणि सिमेंट. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. कारखाना म्हटलं की फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आठवतात. पण मालाचा साठा, बिलं, हजेरी या नोंदीही आता संगणकावरच होतात. हे काम प्रत्यक्ष जागेवर शिकण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप, अर्थात शिकाऊ उमेदवारी.

'कोपा' म्हणजे काय?
कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यासाठी दहावी पास असावं लागतं. ऑफिस सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्किंग आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख त्यात होते.

कंपनीवर बंधन आहे का?
आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. ही मोजणी करताना कंत्राटी कामगारही धरले जातात.

पैसे मिळतात का?
पगार नाही, विद्यावेतन मिळतं. त्याची किमान रक्कम नियमांनी ठरते. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपयांचा वाटा केंद्र सरकार उचलतं.

मग अप्रेंटिस कामगार असतो का?
नाही. कायद्याच्या कलम १८ नुसार तो प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे नोकरीची हमी नसते. मात्र कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्यालाही लागू होतात.

सही करण्याआधी काय बघावं?
- करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला आहे का?
- करारात ट्रेडचं नाव आणि कालावधी स्पष्ट आहे का?
- अभ्यासक्रमातलं काम शिकवणार, की वर्षभर नुसती डेटा एंट्री?
- शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळणार का?

करार नोंदलेलाच नसेल, तर हे प्रमाणपत्र मिळत नाही. मग वर्षभर काम करूनही दुसऱ्या ठिकाणी दाखवायला हातात कागद नसतो. नोंदणीकृत करारावरून वाद झाला, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. म्हणून कराराची प्रत जपून ठेवावी.