त्रिएस्तेची अहोरात्र उघडी दारे

एड्रियाटिक सागराच्या काठी, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या अमदानीत, त्रिएस्ते नगरातील सान जोव्हान्नीच्या टेकडीवर १९०८ साली वेड्यांचे विस्तीर्ण इस्पितळ उघडले. पुढे नगर इटलीच्या अमलाखाली आल्यावर तेथे १९०४ चा कायदा लागू झाला. जो मनुष्य स्वतःस वा इतरांस धोकादायक अथवा लोकलज्जेस कारण ठरे त्याची रवानगी, मग ती मध्यरात्री का असेना, इस्पितळाच्या कोटाच्या आत होई, आणि भरती कायम झाली म्हणजे त्याचे नाव गुन्हेगारांच्याच दप्तरात चढे. (आपल्याकडेही १९१२ च्या कायद्यान्वये मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावर अशीच रवानगी होत असे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

१९७१ साली फ्रांको बाझाल्या तेथे संचालक म्हणून आले, तेव्हा आत सुमारे १,२०० माणसे होती. १९७३ मध्ये रुग्णांनी व कलावंतांनी मिळून घडविलेला मार्को काव्हाल्लो नावाचा निळा घोडा बाहेर काढताना तो दरवाजात मावेना, म्हणून दरवाजाच फोडावा लागला, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु माझ्या मते त्याहून महत्त्वाची घटना म्हणजे १९७५ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांतून झालेली मानसिक आरोग्य केंद्रांची स्थापना होय. वस्तीतल्याच एखाद्या घरात सहा-आठ खाटा, अहोरात्र व आठवड्याचे सातही दिवस सेवा, दाराला कुलूप नाही, बांधून ठेवणे नाही. जो दिवसा जेवावयास वा दोन शब्द बोलावयास येई, त्यालाच मन अनावर झालेल्या रात्री तेथे निजावयास जागा मिळे, आणि रात्रपाळीची परिचारिका त्याला नावानिशी ओळखत असे. ही ओळख हेच खरे औषध होते, असे मी निःशंकपणे म्हणेन. कारण व्याकुळ मनुष्याला मध्यरात्री आपली कर्मकहाणी अनोळखी माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागणे, यासारखी दुसरी यातना नाही. सार्वजनिक इस्पितळात सहा खाटांचा एक लहानसा कक्ष तेवढा राखला गेला. रात्री अकस्मात तेथे पोहोचलेल्या रुग्णास बहुधा चोवीस तासांच्या आत त्याच्या मोहल्ल्यातील केंद्राकडे सोपविण्याची वहिवाट पडली.

१३ मे १९७८ रोजी इटलीने १८० क्रमांकाचा कायदा करून वेड्यांच्या इस्पितळांत नवी भरती थांबविली, आणि १९८० मध्ये, बाझाल्या निवर्तले त्याच वर्षी, त्रिएस्तेचे इस्पितळही बंद झाले. कायदा साऱ्या देशाला लागू झाला, परंतु रात्री उघडी राहणारी अशी घरे सर्वत्र उभी राहिली नाहीत. आणि जेथे ती राहिली नाहीत तेथे रुग्णाच्या शुश्रूषेचा भार कुटुंबावर, विशेषतः त्यातील स्त्रियांवर, येऊन पडला.