ट्रेडमिल : गिरणीतून तुरुंगात, तुरुंगातून हिंजवडीत

हिंजवडी म्हटलं की आयटी पार्क आठवतं, पण सातबारा काढा, तालुका मुळशीच निघेल. तिथल्या टॉवरमधल्या कितीतरी घरांत एक ट्रेडमिल असते. तिच्यावर बहुतेक वेळा टॉवेल वाळत असतात, आणि तक्रार ठरलेली : "पाय ठेवला की पट्टा अडकतो." तो का अडकतो, हे कळायला जरा दोनशे वर्षं मागे जाऊ.

नावातली 'मिल' खरीखुरी गिरणी आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगासाठी पायऱ्यांचं लांबलचक चाक बनवलं. कैदी ओळीने त्यावर चढत राहायचे. चाक खाली सरकायचं, माणूस तिथल्या तिथे. कुठे त्यावर धान्य दळायचे, कुठे पाणी उपसायचे आणि कुठे काहीच नाही, नुसता वारा घालायचा! १८९५ साली ऑस्कर वाइल्डच्याही वाट्याला हे आलं. १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा बंद झाली.

आपल्याकडे मात्र सक्तमजुरी म्हटलं की जात्यावरचं दळण असायचंच. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, पुढे त्याचं नेतृत्व सेनापती बापटांकडे आलं. वीज जाणार मुंबईच्या गिरण्यांना, जमीन बुडणार मावळ्यांची. सत्याग्रही येरवड्यात गेले. तेव्हा गांधीजीही तिथेच कैदेत होते. काम कमी भरलं म्हणून मुळशीच्या कैद्यांना फटके मारले गेले, हे त्यांनी लिहून ठेवलंय. त्याच तालुक्यात आज लोक पैसे मोजून जागच्या जागी चालतात. मला हे विनोदी वाटत नाही, नुसतं विचित्र वाटतं.

शिक्षेचं यंत्र औषधाचं कसं झालं? १९५२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदय तपासण्यासाठी मोटरची ट्रेडमिल तयार केली. हॉस्पिटलात आई-बाबांची 'टीएमटी' होते ना, त्यातला पहिला 'टी' हाच. साठच्या दशकाअखेरीस विल्यम स्टॉबने ती घरात आणली.

पण इथे एक गोष्ट उलटी झाली. क्युबिटचं चाक माणूस फिरवायचा. आता मोटर पट्टा ओढते आणि आपण प्रत्येक पावलाला तो खालच्या फळीवर दाबतो, म्हणजे जवळजवळ ब्रेकच लावतो. पट्ट्याखाली कोरडं पडलं की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट खेचते, तापते, बंद पडते. मग कुणीतरी सांगतं, "बोर्ड गेलाय." असेलही, पण आधी प्लग काढून पट्टा कडेने उचला आणि आत बोट फिरवून बघा. फळी कोरडी लागली तर धूळ पुसा आणि ट्रेडमिलचं सिलिकॉन तेल थोडंसं घाला. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल तर नकोच. किती आणि कधी घालायचं, ते मॅन्युअलमध्ये असतं.

तेल असूनही पाऊल टाकल्यावर पट्टा घसरतो? मग तो सैल आहे, मागचे दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. एका बाजूला सरकत असेल तर त्याच बाजूचा बोल्ट पाव फेरा आवळा, हळू चालवून बघा, मग पुढचा. घाईत पूर्ण फेरा दिला की पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन घासतो. आणि मुळशीतला पाऊस माहितीये ना? मशीन गॅलरीतून आत घ्या, टॉवेलला दोरी बांधा.