सातबारा द्राक्षाच्या नावे

रेस्व्हेराट्रॉलच्या जाहिरातीत काळ्या द्राक्षाचा घड हमखास लटकलेला असतो. द्राक्षातलं कॅन्सररोधक द्रव्य अशी त्याची ख्याती. सातबारा द्राक्षाच्या नावे लागलाय खरा. पण जुने फेरफार काढून पाहिले, तर द्राक्ष बऱ्याच उशिरा भेटतं.

हे द्रव्य प्रथम वेगळं केलं जपानच्या मिचिओ ताकाओका यांनी, 1939 च्या सुमारास, व्हेराट्रम नावाच्या विषारी रानझाडाच्या मुळांतून. 1963 मध्ये ते जपानी नॉटवीडच्या मुळांत सापडलं. चीन-जपानच्या जुन्या वैद्यकात ही मुळं औषधी मानली जात. द्राक्षवेलीचा नंबर लागला 1976 मध्ये. लँगकेक आणि प्राइस या शास्त्रज्ञांना दिसलं, की पानावर करडी बुरशी चढली किंवा अतिनील किरण पडले की वेल हे द्रव्य बनवू लागते. म्हणजे हे वेलीचं घरचं बुरशीनाशक. भुरी-डाऊनीच्या फवारण्यांत हंगाम घालवणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. वेलीचं एवढ्यावर भागत नाही, हे तो जाणतोच.

फळात ते असतं मुख्यतः सालीत. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात ते उतरतं. व्हाइट वाइनमध्ये फारच कमी. 1991 मध्ये अमेरिकी टीव्हीवर प्रश्न गाजला, की लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी कसा? बोट रेड वाइनकडे दाखवलं गेलं आणि तिचा खप वाढला. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या सीमन आणि क्रीसी यांनी वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल असल्याचं दाखवलं. आपल्या द्राक्षासवातही ते सापडल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं.

कॅन्सरचा धागा जुळला जानेवारी 1997 मध्ये, ‘सायन्स’मधल्या एका निबंधाने. शिकागोत जॉन पेझुटो यांचा गट कॅन्सर टाळू शकतील अशा वनस्पतींचे अर्क तपासत होता. त्यात दाहाशी संबंधित एक एन्झाइम रोखणारा अर्क हाती लागला. तो द्राक्षाचा नव्हता, पेरू देशातून आणलेल्या, बहाव्याच्या गणगोतातल्या एका झाडाचा होता. त्यातलं कामाचं द्रव्य निघालं रेस्व्हेराट्रॉल. कॅन्सरची सुरुवात, वाढ आणि पुढची मजल या तिन्ही टप्प्यांवर ते अडथळा आणतं, असं प्रयोगशाळेत दिसलं.

त्यातला उंदरांचा प्रयोग नीट वाचण्याजोगा आहे. उंदरांच्या कातडीला एकदा कॅन्सरजनक रसायन लावलं. मग गाठी वाढवणारं दुसरं रसायन आठवड्यातून दोनदा, 18 आठवडे लावत राहिले. ज्यांना त्यासोबत रेस्व्हेराट्रॉलही लावलं, त्यांच्यात दर उंदरामागे गाठी मात्रेनुसार 68 ते 98 टक्के कमी आल्या. आकडे डोळे दिपवणारे. मात्र द्रव्य कातडीवर लावलं होतं, पोटात दिलं नव्हतं. बातम्यांमधून ‘लावलं’ हा शब्दच गळाला.

पोटातून घेतलं की गणित बदलतं. माणसांना 25 मिलिग्रॅम दिलं तेव्हा सुमारे 70 टक्के शोषलं गेलं. पण आतडं आणि यकृत त्याला इतक्या झपाट्याने सल्फेट-ग्लुकुरोनाइड जोडतात, की मूळ रूपात ते रक्तात नावापुरतंच उरलं. वाइनमध्ये ते असतं लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम. ‘कॅन्सर टाळायला एक ग्लास’ हा सल्ला तर निव्वळ अडाणी, कारण दारूतलं अल्कोहोल स्वतःच कॅन्सरजनक ठरलेलं आहे.

तरी पैसा धावला. दीर्घायुष्याच्या आशेने ग्लॅक्सोने 2008 मध्ये सर्ट्रिस ही रेस्व्हेराट्रॉलवर काम करणारी कंपनी 72 कोटी डॉलरना घेतली. तिच्या रेस्व्हेराट्रॉलची रक्ताच्या एका कॅन्सरवरची चाचणी 2010 मध्ये थांबली. रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्रास झाला होता.

चिकाटीने टिकून राहिला तो इंग्लंडमधल्या लेस्टरचा गट. आतड्याच्या कॅन्सरच्या 20 रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आठ दिवस रोज अर्धा किंवा एक ग्रॅम दिलं, तेव्हा गाठीतल्या पेशींची वाढ पाचेक टक्क्यांनी मंदावली. 2015 मध्ये याच गटाला चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांत मोठ्या मात्रेपेक्षा छोटी मात्रा अधिक गुणकारी दिसली. आतड्यात पॉलिप निघालेल्या माणसांवर ब्रिटनमध्ये आता याच गटाच्या पुढाकाराने चाचणी चालू आहे. तिथे रेस्व्हेराट्रॉलच्या जोडीला तपासली जाणारी औषधं आहेत अ‍ॅस्पिरिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन.