लोको शेड ते संगणककक्ष : तंत्रकुशल कामगारांच्या संघटनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील कामगार चळवळीचा इतिहास बहुधा मुंबईच्या कापड गिरण्यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. त्यामानाने तांत्रिक कौशल्यावर उपजीविका करणाऱ्या कामगारांच्या संघटनांचा विचार कमी झाला. मिरज हे रेल्वेचे जुने जंक्शन. या परिसरातील अनेक अभियांत्रिकी पदवीधर आज पुण्याच्या हिंजवडीत संगणक क्षेत्रात नोकरी करतात. या दोन पिढ्यांमध्ये संघटनेच्या दृष्टीने कोणते साम्य व कोणता भेद आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिरज जंक्शन व रेल्वे कामगार :
१८९० च्या सुमारास पुणे-लोंढा मीटरगेज मार्ग पूर्ण झाला, १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानची रेल्वे मिरजेला जोडली गेली आणि १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग येथे पोहोचला. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाल्यानंतर काही काळ तिन्ही गेज मिरजेत एकत्र नांदत होते. एका गेजवरील माल दुसऱ्या गेजच्या डब्यात चढविण्याचे काम त्यामुळे अपरिहार्य होते. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, सिग्नल व तारयंत्र कर्मचारी हे त्या काळातील खरे तंत्रज्ञ होत. त्यांचे कौशल्य सहजासहजी बाहेरून आणता येत नसे. त्यातच त्यांच्या सामर्थ्याचे मूळ होते.

तथापि कौशल्यातून फूटही निर्माण झाली. १९२० च्या दशकात स्थापन झालेल्या ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनमध्ये सर्व श्रेणींचे कामगार होते. परंतु आपल्या कामाच्या तासांचा प्रश्न तेथे मागे पडतो, अशी इंजिनावर काम करणाऱ्यांची भावना होती. त्यातून लोको रनिंग स्टाफची स्वतंत्र संघटना बळावली. गाडी वेळेवर पोहोचेपर्यंत कर्मचाऱ्याची ड्यूटी संपत नसे. १९७३ मध्ये या संघटनेने संप केला आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळविले.

१९७४ चा संप :
या अनुभवानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे १९७४ पासून देशव्यापी संप सुरू झाला. बोनस, आठ तासांचा दिवस, सार्वजनिक उपक्रमांशी वेतनसमानता व हंगामी कामगारांना कायम करणे, या प्रमुख मागण्या होत्या. फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांना बडतर्फ करण्यात आले, तर काही ठिकाणी कुटुंबांना रेल्वेच्या क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. तात्कालिक दृष्टीने हा पराभवच होता. परंतु १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना पुन्हा सेवेत घेतले आणि १९७९ मध्ये उत्पादकतेशी निगडित बोनसही मान्य झाला.

संगणकाचा प्रवेश :
१९८० च्या दशकात बँक कर्मचाऱ्यांपुढे निराळा प्रश्न उभा राहिला. येथे यंत्र चालविणाऱ्याचा प्रश्न नव्हता. यंत्र येऊन नोकरी जाईल, ही भीती होती. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन व संघटना यांच्यात संगणकीकरणाविषयी करार झाला. यंत्र किती व कोठे बसवावे, हाही सामूहिक वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्र :
हिंजवडीतील स्थिती वेगळी आहे. येथील कर्मचारी स्वतःस कामगार न समजता 'प्रोफेशनल' समजतो. वेतन व मूल्यमापन व्यक्तिगत असते. रेल्वे कॉलनी किंवा रनिंग रूमसारखी, सहकाऱ्यांना रोज एकत्र आणणारी जागा येथे नाही. तरीही २००५ मध्ये युनाइट्स, २०१७ मध्ये कर्नाटकात 'किटू' आणि पुढे पुण्यातून 'नाइट्स' अशा संघटना पुढे आल्या. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा 'नाइट्स'ने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे दाद मागितली.

खरी अडचण कायद्यातील व्याख्येची आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'तांत्रिक' काम करणाराही 'वर्कमन' ठरत असे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठरावीक वेतनावरील पर्यवेक्षक वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकांसाठी ही मर्यादा १८ हजार रुपये आहे. त्यामुळे कर्मचाऱ्याचे पद नावापुरते 'लीड' वा 'मॅनेजर' आहे, की त्याचे प्रत्यक्ष काम तांत्रिक आहे, यावर त्याचे संरक्षण अवलंबून राहते.

निष्कर्ष :
मिरजेच्या जंक्शनवरील कामगार एकत्र राबत आणि एकाच वसाहतीत राहत. म्हणून संकटात त्यांचे ऐक्य टिकले. आजच्या संगणक कर्मचाऱ्याकडे कौशल्य आहे, परंतु तो विखुरलेला आहे. केवळ कौशल्याने संरक्षण मिळत नाही. आपण कामगार आहोत ही जाणीव व परस्परांचा आधार यांवाचून संघटना उभी राहत नाही, हेच या दोन्ही पिढ्यांच्या अनुभवावरून दिसून येते.