काजलीडोंगरीचा काळा दगड : हॉलंडाइटच्या शोधाची हकिगत

इंदूरच्या पश्चिमेला साधारण दीडशे किलोमीटरवर झाबुआ आहे. होळकरशाहीच्या इतिहासात या मुलखाचा उल्लेख येतो तो बहुधा थांदला आणि पेटलावद या परगण्यांच्या निमित्ताने. दोन्ही दरबारांचा सामाईक कारभार संपवून 1871 मध्ये थांदला झाबुआकडे राहिले आणि पेटलावद होळकरांकडे आले. पण जगभरच्या खनिजशास्त्राच्या ग्रंथांत झाबुआचे नाव आहे ते वेगळ्याच कारणाने. तिथल्या मेघनगरजवळच्या काजलीडोंगरी खाणीत हॉलंडाइट हे मँगनीजचे दुर्मीळ ऑक्साइड प्रथम ओळखले गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादासाठी मँगनीजला मोठी मागणी होती. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या भागांत खाणी निघत होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात 1902 साली रुजू झालेला लुईस ली फर्मर हा तरुण अधिकारी या खाणी पायाखाली घालत होता. काजलीडोंगरीला मँगनीजच्या थरांना छेदून जाणाऱ्या गारगोटीच्या शिरांमध्ये त्याला चंदेरी-करड्या झळाळीचे स्फटिक आढळले. 1906 मध्ये त्याने या खनिजाला नाव दिले ते खात्याचे तत्कालीन संचालक थॉमस हॉलंड यांचे.

आता प्रश्न असा, की काळ्या दगडांच्या ढिगात हे वेगळे खनिज ओळखायचे कसे? सोनार कसोटीवर सोने घासतो, तसा भूवैज्ञानिक झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर दगड घासतो आणि रेघेचा रंग पाहतो. मँगनाइटची रेघ तपकिरी येते, ब्राउनाइटची तपकिरीकडे झुकलेली काळी. हॉलंडाइटची रेघ काळी. पण पायरोलुसाइटचीही काळीच! तेव्हा दुसरी परीक्षा: भुसभुशीत पायरोलुसाइट हाताळले की बोटे काजळासारखी काळी होतात, हॉलंडाइटच्या चांगल्या स्फटिकावर चाकूचा ओरखडाही सहसा उठत नाही. तिसरी परीक्षा वजनाची. बेरियममुळे हॉलंडाइट पाण्याच्या जवळजवळ पाचपट जड असते.

एवढे करूनही सायलोमेलेन उरतेच. तेही काळे, कठीण, जड, आणि त्यातही बेरियम असू शकते. म्हणजे नुसत्या रासायनिक पृथक्करणानेही निकाल लागत नाही. तिथे आकार पाहावा लागतो. सायलोमेलेन द्राक्षांच्या घडासारखे गोलसर, गुळगुळीत असते. हॉलंडाइट आखूड खांबांसारख्या स्फटिकांत किंवा तंतूंच्या जुडीत मिळते. पुढे क्ष-किरणांनी या फरकाचे कारण दाखवले. हॉलंडाइटमध्ये मँगनीज आणि ऑक्सिजनच्या साखळ्यांमधून चौकोनी बोगदे गेलेले असतात आणि बेरियमचे अणू त्यांत बसलेले असतात.

फर्मरचा मँगनीजवरील हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ 1909 साली प्रसिद्ध झाला. त्यातील सगळी नवी नावे मात्र टिकली नाहीत. छिंदवाड्याच्या सीतापार गावावरून ठेवलेले सीतापाराइट हे आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट निघाले. रामटेकजवळच्या बेलडोंगरीचे व्रेडेनबर्गाइट दोन खनिजांचे मिश्रण ठरले. डोळा, हातोडा आणि अनुभव यांच्या बळावर केलेल्या ओळखीला ही मर्यादा असतेच. हॉलंडाइट मात्र प्रत्येक नव्या परीक्षेला उतरले. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकाच्या अखेरीस अणुभट्टीतील घातक कचरा कोंडून ठेवण्यासाठी जो कृत्रिम खडक तयार झाला, त्यातील किरणोत्सारी सीझियम सामावणारा घटक हॉलंडाइटच्याच घडणीचा आहे.

नावांचा हिशेब पाहिला की थोडी रुखरुख लागते. हॉलंडाइट संचालकांच्या नावाचे. याच खाणीत सापडलेले निळसर-जांभळे विंचाइट, ते शोधणाऱ्या हॉवर्ड विंच यांच्या नावाचे. गोंडांच्या नावावरून गोंडाइट हा खडक तरी आहे; पण झाबुआ हा भिल्लांचा मुलूख असूनही या दोन्ही खनिजांच्या नावांत त्यांची खूण नाही. आणि सीतापार हे आपल्या शेजारचे गाव खनिजांच्या यादीत चढले आणि पुन्हा पुसले गेले.

नावे आता बदलणार नाहीत, पण ओळख ठेवणे आपल्या हाती आहे. आपल्या मुलांना मांडू, महेश्वर आपण आवर्जून दाखवतो. झाबुआकडे जाणे झाले तर काजलीडोंगरीचीही गोष्ट त्यांना सांगावी. घरातल्या फरशीच्या एखाद्या फुटक्या तुकड्याच्या खरबरीत पाठीवर काळा दगड घासून रेघ कशी पाहायची, हेही दाखवावे. विद्येच्या देवतेच्या उत्सवात एवढा धडा शोभून दिसेल.